स्पिरिटचा वास

नवरा पुन्हा प्यायला लागलाय, हे तिनं त्याच्या पोटावरून ओळखलं. निदान त्या वेळी तिची तशी खात्री झाली. शर्टाचं खालचं बटण लागेनासं झालं होतं. दंड वाळलेले, गालांची हाडं वर आलेली, आणि पोट मात्र हंडा बांधल्यासारखं पुढे. असली पोटं तिनं त्याच्या जुन्या मित्रांची पाहिली होती. त्यातले दोघं आता हयात नव्हते.

चार वर्षांपूर्वी बायपास झाली तेव्हा त्यानं दवाखान्यातल्या खाटेवरूनच सांगून टाकलं होतं, की आता एक थेंब नाही. तिनं नुसतं ऐकून घेतलं. असली वचनं तिच्याकडे पोत्यानं पडली होती. पण या वेळी महिने उलटले आणि माणूस खरंच वेळेवर घरी येत राहिला, शुद्धीत जेवत राहिला, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत राहिला. संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की ती हातातलं काम टाकून कानोसा घ्यायची, ते हळूहळू बंद झालं. माया काही परत आली नाही, ती कधीच आटून गेली होती. पण घरात शांतता आली आणि तिनं तेवढ्यावर भागवलं.

तो फर्निचरचा पॉलिशवाला होता. लाकडावर चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे त्याचे शत्रूसुद्धा कबूल करत. आणि त्याचा सगळ्यात मोठा शत्रू त्याचा मालकच होता. मालक म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. बहिणीच्या संसाराकडे बघून दादानं या माणसाला आपल्या कारखान्यात ठेवून घेतलं होतं, आणि ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नावानं हाक त्यानं कधी मारली नाही. 'जावईबापू' म्हणायचा, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

दादाला निमित्त मिळालं ते एका टेबलावरून. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं लाकडावर फिरवतात, आणि बोळा एकदा टेकला की हात थांबवायचा नसतो. थांबला तर बोळा तिथंच चिकटतो आणि खालचा थर सोलून निघतो. नवऱ्याचा हात, अगदी तो प्यायचा त्या काळातही, कधी थांबला नव्हता. त्या दिवशी मोठ्या जेवणाच्या टेबलाच्या मधोमध तो थांबला, कारण त्याला धाप लागली. बशीएवढा डाग पडला. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. दादानं डाग पाहिला, नवऱ्याचं पोट पाहिलं, आणि सगळ्या कामगारांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "जावईबापू, उतरली नाही वाटतं अजून."

नवऱ्यानं बोळा दादाच्या पायाशी टाकला आणि तो तडक घरी आला. घडलं ते त्यानं तिला सांगितलं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मग प्यायला होतात का?"

घरातली शांतता संपली ती त्या प्रश्नानं.

ती कपडे धुण्याच्या एका दुकानात काउंटरवर होती. आलेल्या कोटांचे, पँटींचे खिसे उलटे करून बघणं हे तिचं रोजचं काम. आता तिनं तेच काम घरी सुरू केलं. हत्यारांची पिशवी, माळा, गादीखालची फळी, संडासाची टाकी, काही म्हणजे काही सोडलं नाही. बाटली तर राहोच, बूचही सापडलं नाही. काही सापडत नाही याचा अर्थ माणूस लबाड झालाय, एवढाच तिनं लावला.

नवराही हट्टाला पेटला. कामावर तो दुसऱ्याच दिवशी परत गेला होता, आणि आता रोज संध्याकाळी घरात शिरला की तो तिच्यासमोर येऊन तोंड उघडायचा. "घे, हुंग." ती हुंगायची. वास यायचाच. त्याच्या श्वासाला नसला तरी कपड्यांना, केसांना, नखांच्या कडांना स्पिरिटचा वास इतका मुरला होता, की तो कुठून येतोय हे भल्याभल्यांना सांगता आलं नसतं. एकदा तो आधी न्हाणीघरात गेला, खसाखसा अंग घासून आला, ओल्या अंगानंच तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आता हुंग." साबणाचा वास आला. ती म्हणाली, "पिऊन आंघोळ केली म्हणजे झालं का?" त्यानंतर त्यानं तोंड उघडणं बंद केलं, हुंगायला आणि बोलायलाही.

पाय सुजायला लागले तेव्हा मात्र ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. नेहमीच्या डॉक्टरनं पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं. हा माणूस मऊ आवाजाचा होता. सोनोग्राफीत यकृत वाढलेलं दिसलं, पोटात पाणी साचलेलं दिसलं. त्यानं विचारलं, रोज किती घेता. नवरा म्हणाला, चार वर्षांत थेंब नाही. डॉक्टरनं हसून मान डोलावली, हे वाक्य त्याला रोज ऐकावं लागत असावं, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं. नवऱ्यानंही पाहिलं.

त्या एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं. लेकीच्या शाळेच्या समारंभात पहिल्या रांगेत घोरणारा तो. शेजाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी धरून वर आणलेला तो. दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं दाढी करणारा तो. त्या साऱ्या वर्षांत तिच्या तोंडाकडे बघायला कुणी थांबलं नव्हतं. आज एक शिकलेला माणूस हातातलं पेन थांबवून तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"वास तर रोज येतो," ती म्हणाली.

खोटं त्यात काहीच नव्हतं. डॉक्टरनं खाली मान घालून लिहिलं. नवरा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं नजर काढून घेतली ती कायमचीच.

पुढचं सगळं त्या एका वाक्याच्या मागोमाग आलं. पोटात सुई घालून पाणी काढलं, ते काही आठवड्यांत पुन्हा भरलं. बिनमिठाचं जेवण सुरू झालं. डॉक्टरनं दारू सोडवणाऱ्या एका गटात जायला सांगितलं, तिथं नवऱ्याला गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसवून स्वतःची ओळख करून द्यायला लावली. तो म्हणाला, मी पीत नाही. तिथली मंडळी मायेनं म्हणाली, पहिले काही दिवस सगळे असंच म्हणतात. तो उठून आला. दादानं निरोप धाडला, की जावईबापूंनी आधी स्वतःला सावरावं, मग कारखान्याची पायरी चढावी. दुसऱ्या गावी नोकरी करणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, तू त्यांना सोड आणि इकडे ये."

ती गेली नाही. का गेली नाही, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. बिनमिठाचं ताट ती त्याच्यापुढे आदळायची, सुजलेल्या पायांना होतील अशा सैल चपला तिनंच आणून ठेवल्या, पण त्या ठेवतानाही म्हणाली, "घ्या, तुमच्या कर्तृत्वाचं बक्षीस." तो जिना चढताना दोनदा बसायचा. ती खालच्या पायरीवर हातात पिशव्या घेऊन उभी राहायची, पुढेही जायची नाही आणि हातही द्यायची नाही.

तिसऱ्यांदा पाणी काढलं तेव्हा पोटाचा डॉक्टर पहिल्यांदा घोटाळला. त्यानं ते पाणी तपासून घेतलं होतं, अन्ननलिकेत दुर्बीण घालून पाहिली होती. दारूनं सडलेल्या यकृतात जे सापडायला हवं ते सापडत नव्हतं, आणि जे सापडायला नको ते सापडत होतं. कुठंतरी जुळत नाहीये, तो म्हणाला, हृदय पुन्हा एकदा दाखवून या. ती म्हणाली, हृदयाची तपासणी तर मध्यंतरी झाली, पंप उत्तम चालतोय असं लेखी दिलंय. तो म्हणाला, तरीही.

हृदयाची डॉक्टर ही एक करड्या केसांची, तोंडाची फटकळ बाई होती. 'बसा' म्हणण्याची पद्धत तिच्याकडे नव्हती. नवरा सवयीनं आडवा झाला आणि शर्ट वर करू लागला.

"पोट नकोय मला," डॉक्टरीण म्हणाली. "उठून बसा. मान दाखवा."

तिनं दिवा त्याच्या मानेवर तिरका वळवला. कानाखालून गळपट्टीपर्यंत एक शीर दोरीसारखी उठली होती. गेले काही महिने ती शीर तशीच असणार, पण रोज शेजारी जेवणाऱ्या बायकोनं ती पाहिली नव्हती. सगळ्यांचं लक्ष पोटाकडे होतं. डॉक्टरीण म्हणाली, श्वास आत घ्या, सावकाश. त्यानं घेतला. तिनं पुन्हा घ्यायला लावला. मग छातीला नळी लावून ती बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिली.

"श्वास आत घेतला की ही शीर खाली बसायला हवी," ती म्हणाली. "यांची आणखी फुगतेय. आणि ठोक्यानंतर आत एक धप्प असा आवाज येतोय. याआधी कुणी मान बघितली नाही?"

"दारूमुळे असेल," बायको म्हणाली. सवयच लागली होती.

"दारूनं शीर अशी वागत नाही, बाई."

स्कॅन झालं. मग मांडीतून नळी घालून हृदयाच्या कप्प्यांतला दाब मोजला गेला. डॉक्टरिणीनं दोघांना बोलावून चित्र समोर धरलं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिनं सांगितलं. बायपाससारख्या ऑपरेशनमध्ये ती उघडावी लागते. पुढे क्वचित एखाद्याची पिशवी आतल्या आत जाड होते, कडक होते, आणि ते कळायला कधीकधी वर्षं जातात, तोवर ऑपरेशन सगळे विसरलेले असतात. हृदयात जोर आहे, पण त्याला फुलायला जागा नाही. जे रक्त आत घ्यायचं ते मागे तुंबतं. मानेत, यकृतात, पोटात, पायांत. आधीच्या तपासणीत पंप किती जोरानं चालतो ते बघितलं, तो भरतो कसा ते बघायचं राहिलं. आता ती पिशवी सोलून काढायची. ऑपरेशन सोपं नाही, आणि सगळे त्यातून उठतात असंही नाही.

नवऱ्यानं धोक्याचं काही ऐकलंच नव्हतं. त्याचा चेहरा वेगळाच झाला होता.

"म्हणजे मी पीत नव्हतो," तो म्हणाला.

"ते मला माहीत नाही."

"तुम्हीच तर म्हणालात, दारूचं नाही म्हणून. तेवढं लिहून द्या मला."

"मी जे पाहिलं ते लिहीन," डॉक्टरीण म्हणाली. "पिशवी जाड आहे, हे लिहीन. तुम्ही चार वर्षं पीत होतात की नव्हतात, ते मी कुठून लिहू? मी तुमच्या घरात राहत नव्हते."

ती कुणाकडेही न बघता बोलली. पण त्या घरात चार वर्षं राहिलेलं दुसरं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि ते टेबलाच्या कडेकडे बघत बसलं होतं.

बाहेर आल्यावर नवरा बाकावर बसला आणि कित्येक आठवड्यांनी तिच्याशी बोलला. दादाला सांग, म्हणाला. तू सांग, माझ्या तोंडून त्याला पटायचं नाही. तिला राग आला होता. या माणसानं तिच्या आयुष्याचं वाटोळं केलं ते केलं, आणि आता वर निर्दोषही ठरणार, आणि त्याचा पुकाराही तिनंच करायचा.

तरी ती गेली. कारखान्यात करवत चालू होती, दादानं ती बंदही करायला सांगितली नाही. तिनं आवाज चढवून दुखण्याचं सांगितलं. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असेल. हृदयाचंही असेल आणि पीतही असेल. दोन्ही एकदम असायला काय हरकत आहे?"

हे तिनं स्वतःच किती वेळा मनात म्हटलं होतं. दादाच्या तोंडून ते ऐकलं आणि तिला ते घाणेरडं वाटलं.

"पीत नाही तो," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे. सगळं घर उपसलंय मी. आणि ते जाऊ दे." ती अडखळली, मग बोलून गेली. "प्यायला की तो मला राणी म्हणायचा. कितीही शिव्या दिल्या असल्या तरी शेवटी राणी म्हणून गळ्यात पडायचा. शुद्धीत कधी नाही म्हणाला. आणि या चार वर्षांत एकदाही नाही."

करवत थांबली होती. दोघं-तिघं कामगार इकडे बघत होते. दादानं हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

"मग मी त्याला काढला तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"वा," दादा म्हणाला. "म्हणजे खांदा माझा आणि बंदूक तुझी."

तिला वाटलं, याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं. पण तो खोटं बोलत नव्हता. ती मागे न बघता बाहेर पडली, आणि त्या दिवसानंतर तिचं आणि दादाचं बोलणं तुटलं.

ऑपरेशनच्या सकाळी नवऱ्याला हिरवा झगा घालून खाटेवर बसवलं होतं. छातीवर जुन्या टाक्यांची रेघ होती, तिच्यावरूनच पुन्हा उघडायचं होतं. तिनं त्याला सांगितलं, की दादाला सांगून आले. काय सांगितलं, तेही सांगितलं. राणीचंही.

त्यानं झग्याची बाही ओढून सरळ केली.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला. "कधीपासून?"

नाही म्हणता आलं असतं. तो त्या दिवशी मेला असता तर खोटं तिच्याजवळच राहिलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण इतकं सगळं झाल्यावर खोटं बोलण्याचा तिला कंटाळा आला होता.

"ठाम असं नव्हतं माहीत," ती म्हणाली. "पण मनात कुठंतरी होतं. त्या डॉक्टरनं विचारलं तेव्हाही होतं."

"मेलो असतो मी."

"हो."

"तुला चाललं असतं."

तिनं खरंच विचार केला. "त्या दिवशी चाललं असतं," ती म्हणाली.

त्यानं मान भिंतीकडे वळवली. न्यायला माणसं आली, खाटेची चाकं सोडवली, आणि तो तसाच भिंतीकडे तोंड केलेला दाराबाहेर गेला. ती रिकाम्या जागेशी उभी राहिली. रडू आलं नाही. आपण फार वाईट बाई आहोत का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारून पाहिला, आणि उत्तर मिळायच्या आत कुणीतरी येऊन तिला बाहेर बसायला सांगितलं.

दिवस मावळायच्या सुमारास सर्जन बाहेर आला. पिशवी वाळलेल्या गिलाव्यासारखी झाली होती, तो म्हणाला, तुकड्यातुकड्यानं काढावी लागली, दोनदा जिवावर बेतलं. पण हृदय मोकळं झालंय. दोन दिवसांनी तिला आत सोडलं तेव्हा तिनं सगळ्यात आधी त्याची मान पाहिली. शीर कुठं होती हेही कळत नव्हतं. तो जागा होता. त्यानं तिला मान बघताना पाहिलं आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

पोट उतरायला बरेच आठवडे गेले. एवढा मोठा घेर गेल्यावर कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. तो घरी आला, औषधं स्वतःच्या हातानं घेऊ लागला, तिनं पुढे केलेला पेला तो आधी टेबलावर ठेवायला लावायचा आणि मग उचलायचा. दादानं माणूस पाठवून कामावर बोलावलं, तर त्यानं त्या माणसाला दारातूनच परत लावलं. एका जुन्या वाद्यांच्या दुकानात त्याला काम मिळालं. सारंग्या, सतारी, पियानोची झाकणं. तिथं त्याला नावानं हाक मारत. तपासणीला तो एकटाच जायचा. डॉक्टरीण काय म्हणाली, असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिलाच विचार. ती बघितलेलंच सांगते."

अशाच एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेकीला आता सगळं कळलं होतं आणि आईनं मनाला फार लावून घेऊ नये असं तिचं म्हणणं होतं. त्यांनी तुझे काय हाल केले ते मी पाहिलेत, ती म्हणाली, तुझी पंधरा वर्षं गेली, त्यापुढे तुझं हे एक वाक्य म्हणजे काय आहे?

"त्यांचं ते त्यांचं, माझं हे माझं," ती म्हणाली. "एकातून दुसरं वजा होत नाही."

फोन ठेवून वळली तर नवरा आतल्या दारात उभा.

"पंधरा नाही," तो म्हणाला. "अकरा."

"काय अकरा?"

"वर्षं. पहिली चार वर्षं मी फक्त सुट्टीच्या दिवशी प्यायचो."

तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग इतक्या महिन्यांचं जे काही आत दाबून ठेवलं होतं ते एकदम वर आलं. सुट्टीच्या दिवशी म्हणजे काय, ती वर्षं दुधानं धुतलेली का, तिनं विचारलं. लेक तापानं फणफणली होती तो सुट्टीचाच दिवस होता. तिच्या स्वतःच्या आईला स्मशानात पोचवायचं होतं तोही सुट्टीचाच. नवरा एकेक गोष्ट खोडायला लागला. हे झालं होतं, हे झालं नव्हतं, हे झालं होतं पण तू सांगतेस तसं नाही. त्याचा आवाज चढला, तिचा त्याच्याही वर चढला. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली, तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"मी जे केलं ते नशेत केलं," तो शेवटी म्हणाला. "त्याची माफी मागायची माझी लायकी नाही, म्हणून मी मागितली नाही. पण तू? तू तर शुद्धीत होतीस."

ती ओट्यापाशी गेली, उकळत होतं ते भांडं खाली उतरवलं, गॅस बंद केला. मग परत येऊन एक खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"बोला," ती म्हणाली. "थांबू नका."

तो बोलला. काळोख पडेपर्यंत बोलत होता, आणि त्यात गोड असं एकही अक्षर नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिची पाळी आली.